ग्रंथालये व आभासी विश्वे

संगणकाच्या साहाय्याने रचलेली, अनेकांना एकाच वेळी वावरता येईल अशी कल्पित जगे आणि संगणकीय खेळ यांचा ग्रंथालयांनी ज्ञानप्रसारासाठी व शिक्षणासाठी केलेला उपयोग. आभासी विश्वात प्रवेश करणाऱ्यास स्वतःचे एक प्रतिरूप असते. त्या प्रतिरूपाद्वारे तो हिंडतो, इतरांशी बोलतो, वस्तू हाताळतो व नव्याने घडवितो. तो निघून गेल्यावरही ते जग इतरांसाठी चालूच राहते. या प्रतिरूपास इंग्रजीत ‘अवतार’ असेच म्हणतात. हा मूळचा संस्कृत शब्द हॅबिटॅट (१९८६) या ल्यूकसफिल्म कंपनीच्या खेळात योजला गेला आणि नील स्टीव्हन्सन यांच्या स्नो क्रॅश (१९९२) या कादंबरीमुळे या अर्थाने सर्वत्र रूढ झाला.

आभासी विश्वातील ग्रंथालय हे अंकीय ग्रंथालयापासून भिन्न आहे. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या भारतीय राष्ट्रीय अंकीय ग्रंथालयासारख्या सेवेत वाचक ग्रंथाचा शोध घेतो व तो वाचतो. तेथे त्याला दुसरा वाचक भेटत नाही. आभासी विश्वात मात्र वाचक, ग्रंथपाल व त्यांच्या भेटीची जागा या तिन्ही गोष्टी असतात.

ग्रंथालये या माध्यमाकडे का वळली, याचे उत्तर ग्रंथालयाच्या कार्यातच सापडते. ग्रंथ जमविणे व ते वाचकास देणे एवढ्यावर सार्वजनिक ग्रंथालयाचे काम संपत नाही. लोक एकत्र येऊन शिकतील अशी, सर्वांना विनामूल्य खुली असलेली जागा पुरविणे हेही त्याचे काम मानले गेले आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी लोक, विशेषतः तरुण मंडळी, इंटरनेटवरील आभासी जगांत जमू लागली तेव्हा ग्रंथपालही तेथे गेले. परंतु ती जगे सार्वजनिक नव्हती. तेथील भूमी कंपनीची, नियम कंपनीचे आणि भाडेही कंपनीच ठरविणार, अशी स्थिती होती. त्यामुळे या उपक्रमाचा इतिहास हा एका अर्थी सार्वजनिक संस्थेने दुसऱ्याच्या जागेत थाटलेल्या बिऱ्हाडाचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : खेळ आणि ग्रंथालय यांचा संबंध संगणकाहून जुना आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयास जोडून बुद्धिबळाचे दालन असून ते आजही चालू आहे. महामंदीच्या काळात, १९३५ साली, लॉस अँजेल्समध्ये मुलांना खेळणी घरी नेण्यास देण्याची योजना सुरू झाली. पुस्तकाप्रमाणे खेळणे न्यावयाचे व परत करावयाचे, अशी तिची रीत होती. खेळण्यांच्या ग्रंथालयांच्या चळवळीचा उगम सामान्यतः या योजनेत मानला जातो.

संगणकीय खेळ शिक्षणाच्या क्षेत्रात प्रथम आले ते विद्यापीठांतून व शाळांतून. इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर यांनी १९६० पासून विकसित केलेली ‘प्लेटो’ ही प्रणाली पाठ शिकविण्यासाठी होती. तथापि परस्परांस जोडलेल्या तिच्या पडद्यांवर विद्यार्थ्यांनी १९७० नंतरच्या दशकात अनेकांनी मिळून खेळावयाचे खेळ रचले. मिनेसोटा राज्यात तीन तरुण शिक्षकांनी १९७१ मध्ये तयार केलेल्या ऑरेगन ट्रेल या खेळात, एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या अमेरिकन स्थलांतरितांचा प्रवास मुलांना स्वतःच करावा लागे. जवळच्या पैशांतून बैल, अन्न, कपडे, दारूगोळा यांवर किती खर्च करावयाचा हे त्यांनी ठरवावयाचे व निर्णय चुकल्यास वाटेत त्याचे परिणाम भोगावयाचे. सनावळ्या पाठ करून जे कळत नव्हते ते निर्णयाच्या भारामुळे कळू लागले. शैक्षणिक खेळांमागील मूळ विचार हाच होय.

सार्वजनिक ग्रंथालयात हा विचार आणणारा आरंभीचा प्रयत्न म्हणून कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील ‘कंप्यूटरटाउन’ या प्रकल्पाचा उल्लेख करावा लागेल. बॉब ऑल्ब्रेख्ट व रामोन झामोरा यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो सुरू केला. तेथील ग्रंथालयात ठेवलेल्या लहान संगणकांवर मुले खेळता खेळता यंत्र हाताळण्यास व पुढे स्वतः आज्ञावली लिहिण्यास शिकत.

शब्दमय विश्वे : पहिल्या आभासी विश्वांत चित्रे नव्हती. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये ‘मड’ हा खेळ रचला. त्यातील दालने, वाटा व वस्तू यांची वर्णने पडद्यावर उमटत आणि खेळणारे शब्दांत आज्ञा टंकित करून त्या जगात वावरत. दूरदूरच्या व्यक्ती एकाच कल्पित जागी एकत्र असल्याचा अनुभव यातून मिळू लागला. याच परंपरेतील लॅम्डामू (१९९०) या विश्वात वापरणाऱ्यांना स्वतः दालने व वस्तू रचण्याची मुभा होती.

मिशिगन विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट पब्लिक लायब्ररी या संस्थेने असेच एक शब्दमय विश्व उभारून त्यात संदर्भसेवेचा प्रयोग केला. वाचकाने प्रश्न टंकित करावा व त्याच वेळी तेथे उपस्थित असलेल्या ग्रंथपालाने त्यास उत्तर द्यावे, अशी ही व्यवस्था होती. ही संस्था २०१५ मध्ये बंद झाली. वाचक व ग्रंथपाल एका छपराखाली नसतानाही त्यांची ‘भेट’ होऊ शकते, ही कल्पना ग्रंथालयाच्या व्यवहारात आणून पाहण्याचे श्रेय मात्र अशा प्रयोगांकडे जाते.

सेकंड लाइफ व इन्फो आयलंड : सॅन फ्रॅन्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने जून २००३ मध्ये सेकंड लाइफ हे त्रिमितीय विश्व जनतेस खुले केले. फिलिप रोझडेल हे कंपनीचे संस्थापक. या विश्वात जिंकणे-हरणे नव्हते. तेथील घरे, बागा, कपडे, यंत्रे हे सर्व वापरणाऱ्यांनीच तयार करावयाचे होते आणि आपल्या निर्मितीवरील स्वामित्वहक्क त्यांच्याकडेच राहील, असे कंपनीने २००३ मध्येच जाहीर केले होते. भूमी मात्र कंपनीकडून घ्यावी लागे. २५६ मी. लांब व तितक्याच रुंद अशा एका स्वतंत्र बेटासाठी आरंभीच्या रकमेशिवाय दरमहा २९५ डॉलर आकारले जात. शिक्षणसंस्था व नफा न मिळविणाऱ्या संस्था यांना निम्मी सवलत मिळे.

इलिनॉय राज्यातील ईस्ट पिओरिया येथील अलायन्स लायब्ररी सिस्टिम या ग्रंथालयांच्या सहकारी संघटनेने ओपल या ऑनलाइन कार्यक्रम करणाऱ्या गटाच्या सहकार्याने एप्रिल २००६ मध्ये सेकंड लाइफमध्ये ग्रंथालय सुरू केले. लॉरी बेल व किटी पोप या ग्रंथपाल महिलांनी या कामात पुढाकार घेतला. लहानशा जागेत सुरू झालेले हे ग्रंथालय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘इन्फो आयलंड’ या स्वतंत्र बेटावर गेले. निरनिराळ्या देशांतील ग्रंथपाल स्वयंसेवक म्हणून तेथील संदर्भसेवेच्या टेबलाशी पाळीपाळीने बसत. प्रत्यक्षात ते आपापल्या घरी वा कार्यालयात असत. आभासी विश्वात मात्र शेजारी शेजारी उभे राहून काम करीत. पुस्तकचर्चा, व्याख्याने, लेखकांच्या भेटी व प्रदर्शने असे कार्यक्रम तेथे होऊ लागले.

या बेटाभोवती अल्पावधीत बेटांचा समूहच तयार झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या साहाय्याने उभारलेल्या ‘हेल्थइन्फो आयलंड’वर आरोग्यविषयक माहिती मिळे. रुग्णांचे स्वावलंबन गट व अपंग व्यक्ती यांच्या दृष्टीने त्याचे विशेष महत्त्व होते, कारण घराबाहेर पडणे ज्यांना कठीण अशांना येथे इतरांच्या बरोबरीने वावरता येई. ‘रेनेसान्स आयलंड’वर ट्यूडरकालीन इंग्लंडचे दृश्य रचण्यात आले होते. सॅन होझे स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागाने २००७ मध्ये सेकंड लाइफमध्ये आपला परिसर उभारून भावी ग्रंथपालांना तेथे पाठ देण्यास आरंभ केला. या सर्व अनुभवांचे संकलन लॉरी बेल व रोंडा ट्रूमन यांनी संपादिलेल्या व्हर्च्युअल वर्ल्ड्स, रिअल लायब्ररीज (२००८) या ग्रंथात आढळते.

मुख्य सेकंड लाइफमध्ये त्या काळी अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नव्हता. तेरा ते सतरा या वयोगटासाठी ‘टीन सेकंड लाइफ’ हे वेगळे विश्व होते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट व मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाने अलायन्सच्या सहकार्याने २००६ मध्ये तेथे ‘आय फॉर यू’ हे बेट सुरू केले. किशोरवयीन मुलांनी इमारती रचाव्यात, कार्यक्रम आखावेत व त्यांची जबाबदारी घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. मोठ्यांनी शिकवावे व मुलांनी ऐकावे, या नेहमीच्या संबंधात येथे पालट झाला. बांधकामाच्या तंत्रात मुले अनेकदा ग्रंथपालांच्या पुढे असत.

खेळांचा ग्रंथालयांत प्रवेश : आभासी विश्वांबरोबरच व्हिडिओ खेळही याच सुमारास ग्रंथालयांच्या इमारतींत आले. जेम्स पॉल गी या भाषाशास्त्रज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तम व्हिडिओ खेळांच्या रचनेत अध्ययनाची ३६ तत्त्वे दडलेली असल्याचे प्रतिपादिले. चुकण्याची मुभा, पायरीपायरीने वाढणारी कठीणता, गरज पडेल तेव्हाच मिळणारी माहिती ही त्यांपैकी काही होत. शिक्षणक्षेत्रात या ग्रंथाची बरीच चर्चा झाली आणि खेळांना विरोध करणाऱ्यांपुढे ग्रंथपालांना एक सैद्धांतिक आधार मिळाला.

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील ग्रंथालयाने २००४ पासून मुलांसाठी व्हिडिओ खेळांच्या स्पर्धा भरविल्या. त्या चालविणारे इलाय नायबर्गर यांनी २००७ मध्ये या विषयावर ग्रंथपालांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. जुलै २००७ मध्ये शिकागो येथे अमेरिकन ग्रंथालय संघाच्या वतीने खेळ, अध्ययन व ग्रंथालये या विषयावर परिसंवाद झाला. पुढील वर्षी व्हेरायझन प्रतिष्ठानाने संघास या विषयाच्या अभ्यासासाठी दहा लाख डॉलरचे अनुदान दिले आणि १५ नोव्हेंबर २००८ रोजी पहिला राष्ट्रीय खेळ-दिन ग्रंथालयांतून पाळण्यात आला. पुढे त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले व त्याचा सप्ताह झाला. शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘यूमीडिया’ या दालनात खेळ, ध्वनिमुद्रण, चित्रफीत-निर्मिती आणि पुस्तके एकत्र ठेवण्यात आली.

खेळ ग्रंथसंग्रहाशी कसा जोडता येईल याचे लक्षणीय उदाहरण न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने घालून दिले. मुख्य इमारतीच्या शताब्दीनिमित्त २० मे २०११ रोजी तेथे जेन मॅक्गॉनिगल यांनी रचलेला एक खेळ झाला. निवडलेल्या ५०० खेळाडूंनी रात्रभर ग्रंथालयात राहून, हातातील फोनच्या साहाय्याने तेथील १०० ऐतिहासिक वस्तू शोधावयाच्या व प्रत्येकीपासून स्फूर्ती घेऊन लेखन करावयाचे, असा तो खेळ होता. त्या लेखनाचे पुस्तक बांधून ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवण्यात आले. एरवी अभ्यासकांखेरीज फारसे कोणी न पाहणारे दुर्मिळ साहित्य या निमित्ताने सामान्य तरुणांनी पाहिले.

ओहोटी : ऑक्टोबर २०१० मध्ये लिंडेन लॅबने शिक्षणसंस्था व नफा न मिळविणाऱ्या संस्था यांची सवलत नव्या वर्षापासून बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे बेटांचे भाडे दुप्पट होणार होते. टीन सेकंड लाइफ हे स्वतंत्र विश्वही त्याच सुमारास बंद करण्यात आले. अनेक विद्यापीठांनी व ग्रंथालयांनी आपली बेटे सोडली. काही ओपनसिम्युलेटर (२००७) या मुक्त आज्ञावलीकडे वळली, कारण तिच्या आधारे स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचे विश्व चालविता येत होते. परंतु तेथे वस्ती विरळ असल्याने मूळचा हेतू पुरता साधत नव्हता. कंपनीने २०१३ मध्ये सवलत पुन्हा सुरू केली, तोवर पुष्कळ संस्था दूर गेल्या होत्या. आर्थिक ओढाताणीत सापडलेली अलायन्स लायब्ररी सिस्टिम २०११ मध्ये इतर संघटनांबरोबर एका मोठ्या संघटनेत विलीन झाली. स्वयंसेवक ग्रंथपालांनी मात्र कम्युनिटी व्हर्च्युअल लायब्ररी या नावाने सेकंड लाइफमधील काम पुढे चालविले.

या ओहोटीस केवळ भाडे कारणीभूत नव्हते. सेकंड लाइफसाठी वेगवान संगणक व इंटरनेटची चांगली जोडणी लागे आणि ती अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत नव्हती. त्या विश्वात चालण्या-बोलण्याची रीत अंगवळणी पडण्यास वेळ लागे. संदर्भसेवेच्या टेबलाशी येणारे बरेचसे प्रश्न खुद्द सेकंड लाइफविषयीच असत. पुस्तकांच्या कपाटांची हुबेहूब प्रतिकृती रचण्यात श्रम खर्ची पडले, पण कपाटातील आभासी पुस्तक उघडल्यावर शेवटी एखादे संकेतस्थळच समोर येई. याउलट, जेथे माणसे एकत्र येत व मिळून काही घडवीत, ते कार्यक्रम टिकून राहिले. आभासी विश्वाचे बळ तेथील इमारतींपेक्षा माणसांच्या सहवासात आहे, हा या काळाचा मुख्य धडा म्हणता येईल.

नंतरचे प्रयोग : पुढील काळात ग्रंथालये आपल्या संग्रहातील साहित्य आभासी विश्वांच्या निर्मितीसाठी पुरवू लागली. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये ‘ऑफ द मॅप’ ही स्पर्धा विद्यार्थ्यांसाठी योजिली. तिच्या पहिल्या वर्षी लेस्टर येथील द माँटफर्ट विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील जुने नकाशे व चित्रे यांच्या आधारे, १६६६ च्या भीषण आगीपूर्वीचे लंडन त्रिमितीत उभे करून पारितोषिक मिळविले. येथे नकाशा वाचणे, पुरावा ताडून पाहणे आणि उणीव राहील तेथे तर्क करणे ही इतिहासकाराची कामे विद्यार्थ्यांना करावी लागली.

डोळ्यांवर बसवावयाच्या हेडसेटद्वारे मिळणारे आभासी वास्तव २०१६ पासून सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याच वर्षी त्यासाठी प्रयोगशाळा उघडली. कॅलिफोर्निया राज्य ग्रंथालयाच्या योजनेतून २०१७ पासून त्या राज्यातील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत असे हेडसेट आले. परंतु येथेही मालकीचा प्रश्न उभा राहिला. ऑक्युलस या उपकरणाची कंपनी २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतली होती आणि २०२० मध्ये नव्या उपकरणांसाठी फेसबुकचे खाते सक्तीचे करण्यात आले. ही सक्ती २०२२ मध्ये उठली. कोणता वाचक काय वाचतो हे गुप्त राखणे, हे तत्त्व अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच स्वीकारले होते. हेडसेट मात्र वापरणाऱ्याच्या हालचालींची नोंद घेत असतो. त्यामुळे या तत्त्वाचे पालन ग्रंथपालाच्या एकट्याच्या हाती राहिले नाही.

या विश्वांचे सामर्थ्य एका वेगळ्या प्रसंगी दिसून आले. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १२ मार्च २०२० रोजी माइनक्राफ्ट या लोकप्रिय खेळात ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ हे ग्रंथालय खुले केले. १६ देशांतील २४ रचनाकारांनी सु. १ कोटी २५ लाख ठोकळ्यांतून ते उभारले. ईजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया व व्हिएटनाम या देशांत दडपलेले वृत्तलेख त्यात आरंभी ठेवण्यात आले. वृत्तपत्रांवर व संकेतस्थळांवर बंदी असलेल्या देशांतही हा खेळ उपलब्ध असल्याने तेथील तरुणांना ते वाचता येऊ लागले.

जतनाचा प्रश्न : ग्रंथ छापला की त्याच्या प्रती अनेक ठिकाणी राहतात, आभासी विश्व मात्र सर्व्हर बंद होताच नाहीसे होते. काँग्रेस लायब्ररीच्या साहाय्याने इलिनॉय, मेरिलंड व स्टॅनफर्ड ही विद्यापीठे आणि रॉचेस्टर तंत्रविद्या संस्था यांनी २००८ ते २०१० या काळात आभासी विश्वांच्या जतनाचा प्रकल्प राबविला. स्पेसवॉर (१९६२) या जुन्या खेळापासून सेकंड लाइफमधील बेटांपर्यंत निरनिराळी उदाहरणे त्यात अभ्यासिली गेली. एकाच बेटावरील वस्तूंचे निर्माते अनेक असून बहुतेकांची खरी नावेही ठाऊक नसत. प्रत्येकाची अनुमती मिळविणे दुरापास्त होते. निर्मात्यास स्वामित्वहक्क देणारा जो नियम या विश्वाच्या भरभराटीस कारण झाला, तोच जतनाच्या आड आला. शिवाय बेट जसेच्या तसे राखले, तरी त्यावर झालेली संभाषणे व भेटीगाठी त्यातून मिळत नाहीत.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. ग्रंथालयांनी असे खेळ जतन करण्यास तेथील कायद्याने काही मुभा दिली आहे. तथापि ते अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने अमान्य केली. असा खेळ ज्याला अभ्यासावयाचा असेल त्याला तो जतन करणाऱ्या संस्थेच्या इमारतीतच जावे लागते. अंतर नाहीसे करण्यासाठी निर्माण झालेल्या या माध्यमाचा पूर्वेतिहास अशा रीतीने ग्रंथालयाच्या चार भिंतींतच सुरक्षित राहिला आहे. आणि ज्या खेळांना कोणत्याही ग्रंथालयाने जागा दिली नाही, त्यांपैकी बरेच नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत.